रद्द कोणी केलं, आणि कधीपासून?

प्रश्न : ताई, माझ्या सासऱ्यांनी दीड एकराचं साठेखत (जमीन विकण्याचा करार) करून दिलं. समोरच्याने जमिनीच्या हद्दीबद्दल खोटी माहिती देऊन सही घेतली होती, हे मागच्या दिवाळीत उघड झालं. वकिलांच्या कागदात 'सदर करार शून्यकरणीय आहे' असं लिहिलंय. माझे दीर म्हणतात, म्हणजे तो रद्दबादल झालाच, आता आपण काही करायला नको. मला हे पटत नाही. दोन्हींचा अर्थ एकच का? आणि बरोबर शब्द रद्दबादल की रद्दबातल? (एक वाचक, फलटण तालुका)

उत्तर : शब्दांकडे नंतर वळते. आधी एवढं ऐका, की दिरांच्या भरवशावर स्वस्थ बसू नका. दस्त रद्द करून मागायच्या दाव्याला १९६३ च्या मुदत कायद्यात तीन वर्षं दिली आहेत. ज्या दिवशी खरी गोष्ट कळली, त्या दिवसापासून ती मोजतात. तुमच्या घरात ती दिवाळीपासून चालू झाली असं धरा आणि याच आठवड्यात वकिलांना भेटा.

आता शब्द. बरोबर रूप रद्दबातल, त सह. 'बादल' असं मी वकिलांच्या तोंडूनही ऐकलं आहे, पण त्या शब्दाचा ढगांशी काही संबंध नाही आणि 'बाद' या शब्दाशीही नाही. रद्द आणि बातल हे दोन वेगळे अरबी शब्द फारसी कारभाराच्या वाटेने आपल्याकडे आले. मूळ 'रद्द'चा अर्थ परत फिरवणं, माघारी लावणं. मूळ 'बातिल'चा अर्थ खोटं, पोकळ, ज्यात काही सत्त्वच नाही असं. आपल्या लोकांनी दोन्ही एकत्र बांधले, जसं बाजारहाट, धनदौलत, कागदपत्र बांधलं. बोलताना एका शब्दाने समाधान झालं नाही की मराठी माणूस त्याला जोडीदार आणून देतो.

पण या जोडीतले दोघे सारखे नाहीत, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिथेच आहे. 'परत फिरवणं' म्हटलं की फिरवणारा कोणीतरी लागतो. वस्तू आधी इथवर आली होती, तिला कोणीतरी माघारी लावलं. 'पोकळ'ला कोणी लागत नाही. मडकं पोकळ आहे ते आहेच. तुम्ही वाजवून बघितलं म्हणून ते पोकळ झालं नाही.

मी जिल्हा न्यायालयाच्या भाषांतर शाखेत २९ वर्षं काम केलं. नोकरीच्या चौथ्या की पाचव्या वर्षी माझ्याकडे एका बक्षीसपत्राच्या प्रकरणातला इंग्रजी आदेश आला. डोंगरातल्या गावची एक म्हातारी होती. पुतण्याने दबाव टाकून तिच्याकडून घर लिहून घेतलं, असं तिचं म्हणणं. आदेशात होतं की असा दबाव शाबित झाला, तर तो दस्त तिच्या इच्छेने रद्द होऊ शकतो. मी घाईत 'सदर बक्षीसपत्र रद्दबातल आहे' असं लिहिलं. तिच्या नातवाने ते वाचून दाखवलं. ती न्यायालयाच्या आवारात रडली, माझ्या हातावर पेढा ठेवला आणि एस.टी.ने गावी गेली. पुढच्या तारखेला ती आली नाही. तिच्या मते सगळं संपलं होतं.

शिरस्तेदारांनी, म्हणजे न्यायालयातल्या मुख्य कारकुनांनी, दोन्ही कागद शेजारी ठेवून मला बोलावलं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "बाई, रद्द कोणी केलं?" मला उत्तर देता आलं नाही. मग म्हणाले, "आणि कधीपासून?" निरोप पाठवून म्हातारीला परत आणवलं, दावा पुढे चालला. पण तो पेढा माझ्या घशाखाली आजही उतरलेला नाही. तेव्हापासून 'रद्द' हा शब्द समोर आला की मी ते दोन प्रश्न आधी विचारते, आणि तुम्हीही विचारा असं मनापासून सांगते.

आता तुमचं साठेखत. आपला कराराचा कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम १९ मध्ये म्हटलंय की धाकदपटशाने, कपटाने किंवा खोटी माहिती देऊन संमती मिळवली असेल, तर तो करार फसवल्या गेलेल्या माणसाच्या मर्जीवर असतो. त्याने ठरवलं तर मोडीत निघेल, नाहीतर चालू राहील. असा करार म्हणजे शून्यकरणीय, काही ठिकाणी 'शून्यनीय' असंही छापलेलं दिसतं. शब्द जड आहे, पण त्याची फोड सोपी आहे : शून्य करण्याजोगा. करण्याजोगा म्हणजे अजून केलेला नाही! सासरे तो अमान्य करेपर्यंत करार जिवंत आहे. त्यांनी सगळं कळूनही पुढचा हप्ता घेतला, तर त्यांनी करार मान्य केला असं समोरचा म्हणेल, आणि त्याचं म्हणणं टिकूही शकतं. म्हणून म्हणते, बसून राहू नका.

दिरांच्या मनात जो अर्थ आहे, त्याला कायद्याच्या मराठीत शून्य किंवा शून्यवत म्हणतात, आणि बोलण्यातला रद्दबातल त्याच्याच जवळचा. याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण अज्ञानाच्या कराराचं. (आपल्या कायद्यात अज्ञान म्हणजे अठरा वर्षांच्या आतला. सातबाऱ्यावर पोराच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असं दिसतं, ते अज्ञान पालनकर्ता.) १८९५ साली कलकत्त्यात धर्मदास घोष नावाच्या अज्ञान मुलाने सावकाराला २०,००० रुपयांचं गहाणखत लिहून दिलं. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत (ब्रिटिश काळातलं आपलं शेवटचं अपील न्यायालय) गेलं आणि १९०३ मध्ये निकाल लागला की अज्ञानाचा करार शून्यकरणीय नव्हे, मुळातच शून्य. त्या मुलाने नंतर सज्ञान होऊन 'मला मान्य आहे' म्हटलं असतं तरी त्यात जीव आला नसता, कारण जीव घालायला मुळात काही नव्हतंच. ते गहाणखत मडक्यासारखं पोकळ होतं. तुमच्या सासऱ्यांचं साठेखत तसं नाही.

एक गोष्ट घरातल्यांना आधीच सांगून ठेवा. करार रद्द केला की घेतलेला इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कमही, परत द्यावा लागतो. कराराच्या कायद्याचं कलम ६४ तेच सांगतं : मोडणाऱ्याने मिळालेला लाभ माघारी करावा. मला या जागी नेहमी त्या अरबी मुळाची आठवण होते. रद्द म्हणजे परत फिरवणं, आणि इथे खरोखरच पैसा आणि जमीन आपापल्या दारी परत फिरतात.

आणि दस्त रद्द झाला म्हणून तो नाहीसा होईल अशी अपेक्षा ठेवू नका. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे न्यायालय नोंदणीकृत दस्त रद्द करतं, तेव्हा हुकूमनाम्याची, म्हणजे न्यायालयाच्या अंतिम आदेशाची, प्रत नोंदणी अधिकाऱ्याकडे जाते आणि तो आपल्या पुस्तकातल्या नकलेवर तशी टीप लिहितो. पान फाडत नाहीत. तलाठ्याच्या हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर कमी झालेल्या नावाला कंस करायचे, तसंच हे. 'त्यांच्या नावाला कंस पडला' असं आमच्याकडे गेलेल्या माणसाबद्दलही बोलतात. नाव वाचता येतं, पण त्याला आता हक्क नाही.

प्रश्न : माझ्या मामेबहिणीचं लग्न कोर्टाने 'रद्द' केलं. घरात कोणी घटस्फोट म्हणतं, कोणी लग्न मोडलं म्हणतं. तिला या शब्दांचा त्रास होतो. बरोबर काय म्हणावं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तिला त्रास होतो हे मला पुरेपूर समजतं, कारण हे तीन शब्द तीन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि लोक त्यातली कुठलीही तिच्या अंगावर टाकतात.

लग्न मोडलं हे आपल्याकडे मांडवाच्या आधीचं. साखरपुडा झाला, पत्रिका छापायला गेल्या, आणि सोयरीक फिसकटली, त्याला लग्न मोडलं म्हणतात. घटस्फोट म्हणजे लग्न झालं होतं, खरं होतं, हुकूमनाम्याच्या दिवसापर्यंत चाललं आणि त्या दिवशी संपलं. ती दोघं नवरा-बायको होती, हे घटस्फोट नाकारत नाही.

लग्न रद्द होणं निराळं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ११ आणि कलम १२ अशी शेजारी शेजारी दोन कलमं आहेत. अकरावं शून्य विवाहाचं : आधीची बायको किंवा नवरा हयात असताना दुसऱ्याशी लावलेलं लग्न, किंवा कायद्याने मना केलेल्या नात्यातलं लग्न. ते कधी लग्नच नव्हतं. न्यायालय फक्त तसं जाहीर करतं. बारावं शून्यकरणीय विवाहाचं : फसवून किंवा जबरदस्तीने घेतलेली संमती वगैरे. तिथे फसवल्या गेलेल्याने मुदतीत येऊन मागितलं, तरच न्यायालय ते रद्द करतं. म्हणजे फलटणच्या ताईंना जे दोन प्रश्न सांगितले, तेच तुमच्या बहिणीच्या हुकूमनाम्याला विचारा. कलम क्रमांक बघितलात की उत्तर मिळेल.

आणि ज्यांना मुलं असतील त्यांच्यासाठी हे ठळक अक्षरात छापा असं मी संपादकांना सांगितलं आहे : लग्न शून्य ठरलं तरी त्या लग्नातलं मूल औरस, म्हणजे कायदेशीर. कलम १६ तसं स्पष्ट सांगतं. आईबापांच्या लग्नाला लावलेला शब्द मुलाला लावायचा अधिकार कोणालाही नाही.

बहिणीसाठी मी इतकंच सुचवेन की 'तिचं लग्न न्यायालयाने रद्द केलं' असं पूर्ण वाक्य बोलावं. त्यात करणारा आहे, आणि तो ती नाही. 'लग्न मोडलं' मध्ये कर्ता गळून पडतो आणि मग ऐकणारे तिच्याकडे बघतात.

प्रश्न : वर्तमानपत्रांत कायदा रद्द, कायद्याला स्थगिती, कायदा मागे, सगळं एकाच अर्थाने छापतात. शिवाय 'रद्द' या अरबी शब्दाऐवजी शुद्ध 'निरस्त' का वापरू नये? (निवृत्त शिक्षक, नागपूर)

उत्तर : सर, पहिल्या तक्रारीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

तीन कृषी कायद्यांचं घ्या. १२ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. त्या दिवशी कायदे होते तसेच पुस्तकात होते, फक्त त्यांचा हात धरून ठेवला होता. पण आमच्या गल्लीत लोक 'रद्द झाले' म्हणत होते. १९ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी मागे घेण्याची घोषणा केली. घोषणेने कायदा जात नाही. २९ नोव्हेंबरला संसदेने विधेयक मंजूर केलं, आणि त्यातून जे झालं त्याचं नाव निरसन. करणारी संसद, म्हणून ते निरसन. न्यायालयाने हेच कायदे घटनाबाह्य ठरवले असते तर ते रद्दबातल ठरले असते, आणि तो अगदी वेगळा निकाल असता.

आपल्या राज्यातलंच दुसरं उदाहरण मराठा आरक्षणाच्या २०१८ च्या कायद्याचं. ९ सप्टेंबर २०२० ला स्थगिती, ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला. पण त्याच निकालात ९ सप्टेंबर २०२० पर्यंत झालेले पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश आणि नेमणुका अबाधित ठेवल्या. 'कधीपासून' हा प्रश्न किती मोलाचा आहे, ते त्या यादीत नाव असलेल्या मुलांना विचारा. 'आरक्षण रद्द' या दोन शब्दांच्या मथळ्यात त्यांची ती तारीख मावली नाही, आणि तो दिवस त्यांच्या घरांत कसा गेला असेल याची कल्पना करवत नाही.

निरसनही मागे जाऊन सगळं पुसत नाही. १८६० चा भारतीय दंड संहिता कायदा १ जुलै २०२४ पासून गेला, त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. पण ३० जूनच्या रात्री झालेल्या चोरीचा खटला आजही जुन्याच कलमाखाली चालतो. निरसन साधारणपणे पुढच्या काळाला लागतं. रद्दबातल आरंभापासून लागतं. संपादकांनी टेबलावर एवढं लिहून ठेवलं तरी अर्धे मथळे सुधारतील.

आता निरस्त. छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, याचा मला अभिमान आहे आणि त्यातले कित्येक शब्द मी स्वतः कामात वापरले. तेव्हा माझा विरोध संस्कृतला आहे असं समजू नका. निरस्त चांगला शब्द आहे : निर् अधिक अस्, बाहेर फेकलेलं. पण तो आज आपल्या कानावर येतो तो बहुतेक हिंदीतून, गाड्या निरस्त झाल्याच्या रेल्वेच्या घोषणांतून. मराठीत त्याच धातूचं निरसन आपल्याला फार वेगळ्या घरी भेटतं : शंकानिरसन. म्हणून 'कायद्याचे निरसन' वाचलं की वाचकाला क्षणभर कायद्याला काही शंका होती असं वाटतं. तरी तो शब्द मी सोडणार नाही, कारण संसदेने मागे घेतलेल्या कायद्यासाठी आपल्याकडे दुसरा नेमका शब्द नाही. निरसन तिथे राहू द्या, रद्द आपल्या जागी राहू द्या. ज्या शब्दाने माझ्या आजीने भात विकायचा सौदा रद्द केला, तो शब्द तिच्यासाठी परका नव्हता, आणि माझ्यासाठीही नाही.

मात्र अर्जांवर छापलेलं 'रद्दीकरण' मला अजिबात सहन होत नाही. तिकिटाची रद्दी करायची आहे असं वाटतं. 'तिकीट रद्द करण्यासाठी' असं लिहिलं की शेवटच्या बाकावरच्यालाही कळतं.

प्रश्न : आजी, मी आठवीत आहे. रद्द आणि रद्दी हे एकच आहेत का? आणि बाबांनी बँकेत 'रद्द केलेला चेक' दिला, तो रद्द असेल तर बँकेला कशाला हवा? (चिपळूण)

उत्तर : बाळा, तुझा दुसरा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. वकिलीला जायचा विचार कर.

पहिल्याचं उत्तर हो. रद्दी म्हणजे रद्द झालेलं, नको म्हणून बाजूला टाकलेलं. हिंदीत टाकाऊ, हलक्या प्रतीच्या कशालाही रद्दी म्हणतात. आपण मात्र तो शब्द जुन्या वर्तमानपत्रांना आणि वह्यांना देऊन टाकला आणि किलोवर विकायला लागलो.

आता चेक. बाबांनी त्यावर दोन तिरप्या रेघा मारल्या असतील आणि मध्ये 'रद्द' लिहिलं असेल. त्या रेघांनी चेकचं एकच काम थांबवलं : त्यावर पैसे काढता येणार नाहीत. पण खाते क्रमांक, शाखेचा कोड, बाबांचं नाव हे सगळं तसंच आहे, आणि बँकेला तेच हवं असतं. म्हणजे काहीही रद्द झालं की तू विचारायचंस, त्यातलं नेमकं काय रद्द झालं? (बाबांना सांग, अशा चेकवर सही करू नका. बँकेला तिथे सही लागत नाही, आणि सही केलेला कागद उगाच हातोहात फिरू नये.)

माझे वडील वाईला कचेरीबाहेर दस्तलेखक होते. पिंपळाखाली टेबल, शाईची दौत, टिपकागद. एखादा मसुदा लिहिताना चुकला तर आम्ही पोरं तो मागायचो, मागची बाजू कोरी असायची, गणितं करायला उपयोगी. ते द्यायचे नाहीत आणि रद्दीतही घालायचे नाहीत. कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारायचे, मधोमध 'रद्द' लिहायचे, त्याखाली तारीख आणि तारखेखाली आपली सही. माझ्या माळ्यावरच्या ट्रंकेत तसे चाळीसेक कागद आहेत. शाई तपकिरी झाली आहे, पण तारीख आणि सही दोन्ही अजून वाचता येतात.